कुटुंबाचा व्हिसा : हिशेब पहिल्या दिवसापासून हवा

दोन महिन्यांपूर्वी खेड तालुक्यातील एक सुतार कारागीर आमच्याकडे येऊन बसला होता. दुबईत नऊ वर्षे काम करतो. हातात हुन्नर आहे, कष्टाला मागेपुढे पाहत नाही, महिन्याकाठी साडेचार-पाच हजार दिरहम सुटतात. निकाहला चार वर्षे झाली आहेत, मुलगी तीन वर्षांची आहे. एवढ्या काळात तो घरी तीनदा आला. मुलगी त्याला फोनवर ओळखते, समोर आला की आईच्या मागे लपते.

या वेळी बायको-मुलीला बरोबर न्यायचेच, असे ठरवून त्याने दुबईत अर्जाची तयारी केली होती. टायपिंग सेंटरवरच्या माणसाने कंपनीचा करार पाहिला आणि कागद परत केले. करारात पगार अठराशे दिरहम लिहिलेला होता. बाकीची कमाई ओव्हरटाइमची आणि रोखीची. "माझी कमाई खरी की तो कागद खरा?" असे त्याने आम्हाला विचारले. उत्तर कडू आहे, पण द्यावे लागले. व्हिसाच्या खिडकीवर कागदच खरा.

ही एका माणसाची गोष्ट नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील आपल्या कितीतरी घरांत हेच चालले आहे. आखातात जाताना आपण तिकिटाचा, एजंटचा, गावी किती पैसे येणार याचा हिशेब करतो. उद्या कुटुंब न्यायचे झाले तर आजच्या कागदात काय असायला हवे, हा हिशेब मात्र कोणी करत नाही. तो नोकरी धरतानाच, किंबहुना निकाहच्या वेळीच सुरू व्हायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दार उघडले, पण आपण बाहेरच

संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी कुटुंब कोणाला आणता येईल हे हुद्द्यावरून ठरत असे. सुतार, शिंपी, वेल्डर अशा कामगारांना त्या यादीत जागा नव्हती. जुलै २०१९ मध्ये हा नियम बदलला. आता हुद्दा पाहत नाहीत, उत्पन्न पाहतात. महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम पगार आणि राहण्याची सोय, एवढे असेल तर माणूस पत्नीला आणि मुलांना आपल्या नावावर आणू शकतो. म्हणजे जे दार कारागिरांसाठी वर्षानुवर्षे बंद होते ते उघडले. आपले बरेच लोक मात्र अजून बाहेरच उभे आहेत, कारण त्यांची कमाई करारात उतरलेली नाही.

करारात कमी पगार लिहिणे मालकाला सोयीचे असते. नोकरी संपताना द्यावी लागणारी रक्कम मूळ पगारावर मोजली जाते, त्यामुळे आकडा लहान ठेवला की त्याचा फायदा होतो. आपला माणूस म्हणतो, "हातात मिळतात ना, मग कागदाचे काय करायचे?" याचा तोटा तीन ठिकाणी होतो. नोकरी सोडताना रक्कम कमी मिळते, बँकेत पत राहत नाही, आणि कुटुंबाचा अर्ज परत येतो.

१ जानेवारी २०१६ पासून अमिरातीत असा नियम आहे की कामगाराने आधी सही केलेल्या नियुक्तिपत्रावरूनच पुढचा करार व्हावा, त्यातील अटी नंतर कमी करू नयेत. म्हणजे वाटाघाटीची खरी वेळ मुंबईत, सही करण्याआधी असते. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाला हवा तो आकडा मागता येत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण चार-पाच वर्षे काम करून हात बसलेला कारागीर मालकाला नकोसा नसतो. कराराचे नूतनीकरण होताना त्याने एवढेच सांगावे की, रोख देता ते करारात लिहा आणि बँकेतून द्या. शंभर-दोनशे दिरहम कमी मिळाले तरी हा सौदा फायद्याचा आहे.

पगाराशिवाय घराचाही प्रश्न येतो. कंपनीच्या कॅम्पात किंवा बेड-स्पेसवर राहणाऱ्याला कुटुंब आणता येत नाही. घर भाड्याने घेऊन त्याचा करार नोंदवावा लागतो. दुबईत या नोंदणीला इजारी म्हणतात. शिवाय कुटुंबाचा आरोग्य विमा, अठरा वर्षांवरील माणसांची वैद्यकीय तपासणी आणि कुटुंब पोहोचल्यापासून ६० दिवसांत निवासाची कारवाई, एवढे सगळे त्याच पगारातून निभावायचे असते. मुले शाळेत जाऊ लागली की खासगी शाळेची फी येते. ४,००० दिरहम ही अर्जाची अट आहे, तेवढ्यात चौघांचा संसार चालेलच असे नाही. म्हणून कागदाबरोबर घरखर्चाचाही आकडा मांडावा आणि मगच निर्णय घ्यावा.

सौदीचा हिशेब वेगळा

सौदी अरेबियात आजही इकाम्यावरचा हुद्दा महत्त्वाचा आहे. इकाम्यावर साधा कामगार लिहिलेले असेल तर कुटुंबाच्या कायम निवासाचा व्हिसा मिळत नाही, मग प्रत्यक्षात तो माणूस दुकान सांभाळत असो की मशीन दुरुस्त करत असो. पूर्वी गावाकडे "व्हिसा कोणताही असो, एकदा पोहोचलो की बघू" असे म्हणत लोक निघत. त्या एका वाक्याने पुढची दहा वर्षे बायकोला गावी ठेवले. हुद्दा बदलता येतो, पण तो मालकाच्या संमतीने. म्हणून जातानाच पाहावे की आपण जे काम करणार तेच कागदावर आहे काय.

सौदीत दुसरा भार आहे तो कुटुंबावरील शुल्काचा. जुलै २०१७ मध्ये प्रत्येक अवलंबित माणसामागे महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले. ते दरवर्षी शंभराने वाढत जुलै २०२० पासून ४०० रियालवर आले. पत्नी आणि दोन मुले असतील तर महिना १,२०० रियाल, वर्षाला १४,४०० रियाल. ही रक्कम इकामा नूतनीकरणाच्या वेळी भरावी लागते. त्या वर्षांत कितीतरी कुटुंबे सामान विकून परत आली. ज्यांनी वर्षाचा आकडा आधी मांडला होता त्यांनी शाळेचे वर्ष संपल्यावर, नीट तयारीने मुले आणली. ज्यांनी मांडला नाही त्यांची मुले वर्षाच्या मध्यावर दोन्हीकडच्या शाळांना मुकली.

दुकान दुसऱ्याच्या नावावर

आता व्यापारी बंधूंविषयी. आखातात आपल्या पुष्कळ लोकांची दुकाने आहेत, पण परवाना स्थानिक माणसाच्या नावावर आणि आपला माणूस कागदोपत्री त्याचा नोकर. धंदा आपला, भांडवल आपले, आणि इकाम्यावर मात्र सेल्समन. असा माणूस लाखाची उलाढाल करतो, पण कुटुंबाच्या अर्जासाठी त्याच्याकडे दाखवायला दोन हजारांचा पगारच असतो.

सौदीत हा प्रकार आता केवळ गैरसोयीचा राहिलेला नाही, तो मोठा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या नावाआड धंदा करण्याविरुद्धचा नवा कायदा २०२० मध्ये आला. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रियालपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्यवहार कायदेशीर करून घेण्यासाठी दिलेली मुदत फेब्रुवारी २०२२ मध्ये संपली. अमिरातीत तर १ जून २०२१ पासून बहुतेक व्यापारी आणि औद्योगिक व्यवसायांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी घेता येते. ज्याच्या नावावर परवाना किंवा भागीदारीचा करार आहे, त्याला स्वतःच्या नावाने निवास मिळतो आणि त्यावर कुटुंब आणता येते. परवान्याचा खर्च जास्त वाटतो, पण तो दुकानाचा खर्च म्हणून धरावा. आपल्या नावावरचे छोटे दुकान दुसऱ्याच्या नावावरच्या मोठ्या दुकानापेक्षा कुटुंबाच्या उपयोगाचे असते.

निकाहनामा पेटीत ठेवून चालत नाही

पुष्कळ अर्ज पगारापाशी नव्हे, लग्नाच्या कागदापाशी अडतात. निकाहनामा उर्दूत असतो, तो घरच्या लोखंडी पेटीत असतो, आणि कधी कधी त्यावर वधूचे नाव एक आणि पासपोर्टवर दुसरे असते. परदेशी कार्यालयाला सरकारी विवाह प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार निकाहनंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात महापालिकेच्या वा नगरपालिकेच्या निबंधकाकडे हे काम होते. अर्जावर काझी साहेबांची आणि तीन साक्षीदारांची सही लागते. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असे सांगितले आहे.

हे काम निकाहच्या आठवड्यात एका दिवसात होते. पाच वर्षांनी करायला गेलो तर एक साक्षीदार कुवेतला असतो, दुसरा हयात नसतो.

प्रमाणपत्र मिळाल्यावर त्यावर राज्य शासनाचा आणि परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. अमिरातीसाठी त्यांच्या दूतावासाचा आणि तिथे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचाही शिक्का घ्यावा लागतो. मुलांच्या जन्मदाखल्याचेही तसेच. नावांचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्ट, आधार, विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे दाखले या सर्वांवर अक्षरशः एकच हवे. फातिमा आणि फातमा आपल्याला एकच, संगणकाला दोन. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने पासपोर्टवर फक्त एकच शब्दाचे नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर येण्यास अटकाव केला आहे. आपल्या भगिनींच्या जुन्या पासपोर्टवर असे एकेरी नाव पुष्कळदा असते. तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

भेटीच्या व्हिसावरून आठवले. काही एजंट सांगतात, "व्हिजिटवर आणा, पुढचे आम्ही बघतो." मुदत संपून गेल्यावर अमिरातीत दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. तीन माणसांचे तीन महिने म्हणजे साडेतेरा हजार दिरहम. तो दंड एजंट भरत नाही.

मुलीच्या वडिलांना दोन शब्द

आखातातला मुलगा म्हटले की आपल्याकडे चौकशी पगारावर थांबते. मुलीच्या घरच्यांनी आणखी चार गोष्टी विचाराव्यात आणि त्यात संकोच करू नये. करारात पगार किती लिहिला आहे? इकाम्यावर हुद्दा कोणता आहे? राहण्याची जागा स्वतःची की कॅम्पातली? आणि कुटुंब कधी नेणार? नेता येणार नसेल तर तसे आधी सांगावे. मुलीला ते मान्य असेल तर प्रश्न नाही. पण "सहा महिन्यांत नेतो" असे सांगून सहा वर्षे सासरी वाट पाहायला लावणे ही सरळ फसवणूक आहे. व्यवहारात वायदा मोडणाऱ्याला आपण बाजारात उभे करत नाही, मग इथे गप्प का बसतो?

तिकडे गेलेल्या मुलीनेही जाणून घ्यावे की पतीच्या नावावरचा तिचा निवास पतीच्या नोकरीला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली तर कुटुंबाचा व्हिसा आधी रद्द होतो. तिने पासपोर्ट, निवासाचे कार्ड आणि विवाह प्रमाणपत्र यांच्या प्रती स्वतःजवळ आणि माहेरी ठेवाव्यात. अमिरातीत पतीच्या व्हिसावर राहूनही परवाना घेऊन स्त्रीला नोकरी करता येते. पतीचे निधन झाले किंवा तलाक झाला तर तिला आणि मुलांना एक वर्ष राहण्याची मुभा देणारा नियम २०१८ मध्ये झाला. हे माहीत नसल्यामुळे दुःखाच्या घडीला घाईने सामान बांधावे लागू नये.

जमातींनी एवढे करावे

दुसऱ्या देशाचे नियम आपण बदलू शकत नाही. गरिबाला बायको-मुलांपासून दूर ठेवणारी पगाराची अट आम्हाला न्याय्य वाटत नाही, पण ती आहे. आपल्या हातात आहे ती तयारी. प्रत्येक जमातीने निकाहच्या दिवशीच नोंदणीचा अर्ज भरून काझी साहेबांची आणि साक्षीदारांची सही घ्यावी. नावे पासपोर्टवरून ताडून लिहावीत. गावातील जो कोणी आखातातून परत आला आहे आणि ज्याने हे सर्व केले आहे, त्याने महिन्यातून एक दिवस जमातीच्या कार्यालयात बसून नव्या मुलांचे करार वाचून दाखवावेत. याला पैसा लागत नाही.

त्या सुतार बंधूला आम्ही एवढेच सांगितले की, घाईने व्हिजिटवर नेऊ नकोस. येत्या नूतनीकरणात करारातला पगार वाढवून घे, घराची चौकशी कर, आणि जाण्याआधी ग्रामपंचायतीत निकाहची नोंद कर. शेवटचे काम त्याने त्याच आठवड्यात केले. साक्षीदार गोळा करताना मुलगी त्याच्याबरोबर फिरत होती. पहिल्या दोघांच्या घरी ती दारातच थांबली. तिसऱ्याच्या घरी जाताना तिने त्याचे बोट धरले होते.