विश्वासाचं जॉबवर्क

पिंपरीतल्या एका पालक मेळाव्यात परवा एका विद्वान वक्त्यांनी आम्हा ख्रिस्ती आईबापांना मोठाच दिलासा दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भोसरी-चाकणला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पालकांना वेळ नाही, त्यांना धर्मशास्त्र कळत नाही आणि त्यांची मराठी प्रार्थना इंग्रजी माध्यमातल्या पोरांच्या डोक्यावरून जाते. तेव्हा पालकांनी फी भरावी आणि विश्वासाचं खातं संडेस्कूल, मे महिन्यातली सुट्टीची बायबल शाळा (व्हीबीएस) आणि पाळकसाहेब यांच्याकडे सोपवावं. शिवाय अठरा वर्षांची झाली की मुलं आपलं आपण ठरवतीलच! टाळ्या पडल्या. काम कमी करून देणाऱ्या वक्त्याला टाळ्या पडल्या नाहीत, असं आमच्या पट्ट्यात कधी ऐकिवात नाही.

विश्वास जॉबवर्कला देण्याचीच ही गोष्ट झाली. आणि जॉबवर्क म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोठी कंपनी ब्रॅकेट बाहेरच्या वर्कशॉपकडून करून घेते. पण माल गेटमधून आत आला की इन्स्पेक्शन होतं, खराब निघाला तर रिजेक्ट होतो. आमचे वक्ते तेवढीही तसदी घ्यायला सांगत नाहीत. पोर रविवारी सोडायचं, तासाभराने उचलायचं, आत काय झालं ते विचारायचंही नाही.

‘वेळ नाही’ हा त्यांचा हुकमी एक्का, म्हणून तो जरा सवडीने पाहू. पहिली गोष्ट, हे गृहस्थ कोणत्या गावात बोलत होते? पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळीकडे एकाच दिवशी सुट्टी नको, विजेचा भार वाटला जावा, म्हणून पडलेली ही रीत. रविवारी भक्ती सुरू होते तेव्हा मंडळीतले कितीतरी बाप मशीनपाशी उभे असतात. जिथे रविवार हाच कामाचा वार, तिथे ‘सगळं रविवारवर सोडा’ म्हणायला वेगळीच प्रतिभा लागते. बाप कामावर, आईला धाकट्याचं दूध-पाणी. मग मोशीहून मुलीला संडेस्कूलला पोचवायचं कोणी? वक्ते येतात का गाडी घेऊन?

आता हिशेब करा. आठवड्याला एक तास म्हणजे वर्षाचे 52. त्यातून परीक्षा, दिवाळीला नगर-श्रीरामपूरकडे जाणं, लग्नकार्यं वजा करा. उरले कसेबसे 40. म्हणजे आठ तासांच्या पाच शिफ्टा. पाच शिफ्टांत शिकाऊ पोराला लेथ येत नाही आणि यांना तेवढ्यात मुलाचा विश्वास तयार हवा.

मुळात संडेस्कूल जन्मलं तेच कारखान्यांच्या छायेत. 1780 मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्र चालवणाऱ्या माणसाने, सहा दिवस राबणाऱ्या आणि रविवारी रस्त्यावर हुंदडणाऱ्या गरीब पोरांना अक्षरओळख व्हावी म्हणून ते काढलं. ज्यांना वाचायला शिकवणारं कोणी नव्हतं, त्यांच्यासाठी. चिखलीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलेल्या आईबापांना सुट्टी मिळावी म्हणून नव्हे.

आणि वेळ मागितलाय कोणी? बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडा. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोला, एवढंच तिथे आहे. वेगळा तास नाही, प्रोजेक्टर नाही. राहिली वाट, तर नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत देवाने आणि ट्रॅफिकने ती आपल्याला मुबलक दिली आहे.

यावर जुने लोक बोर्डिंगचा विषय काढतात. ‘आम्ही मिशनच्या बोर्डिंगात वाढलो, आईबाप कुठे होते? बिघडलो का?’ हा वाद मी लहानपणापासून ऐकतोय, दर नाताळला जेवणानंतर तो होतोच. पण बोर्डिंगात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होती, ताटावर उपकारस्तुती होती, ताप आला तर उशाशी बसणारी मेट्रन होती. जमेल तेवढं घरच होतं ते. आठवड्याचा एक तास नव्हता.

बाकीचे मुद्दे फुटकळ. धर्मशास्त्राचं म्हणाल, तर शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरं केलं. नव्या करारातल्या तीमथ्याला विश्वास मिळाला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून, आणि त्यांपैकी कोणी सेमिनरीत गेल्याची नोंद नाही. मराठी कळत नाही म्हणता? कोरियन गाणी पाठ करणाऱ्या पोरांबद्दल बोलतोय ना आपण? आणि अठराव्या वर्षाची गोष्ट: पाचव्या वर्षापर्यंत मेंदूची सुमारे 90 टक्के वाढ झालेली असते. भाषा, भीती, भरवसा हे सगळं आपण मुलाला न विचारताच देतो. फक्त प्रार्थनेपाशी आपल्याला लोकशाही आठवते.

मग करायचं काय? माझ्याकडे मोठी योजना नाही. आमच्या सोसायटीत एक बाप आहे, थर्ड शिफ्टवाला. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरतो, सॅक खांद्यावरच असते आणि तसाच मुलीबरोबर गेटवर स्कूल व्हॅनची वाट बघत थांबतो. मुलगी केजीत. ती म्हणते, ‘पप्पा, डोळे मिटा.’ मग वॉचमनकाकांच्या दुखऱ्या पायासाठी, नंतर तुटलेल्या कंपासपेटीसाठी प्रार्थना करते. बापाला उभ्या उभ्या डुलकी लागते, ती कोपर मारून जागं करते आणि दोघं मिळून ‘आमेन’ म्हणतात. व्हॅन येते. वॉचमनला आता पाय कसा आहे, हे विचारणारी सोसायटीत ती एकटीच आहे.

संडेस्कूल बंद करा असं मी म्हणत नाही. तिथल्या ताई-दादा आपला रविवार फुकट देतात, त्यांचे उपकारच आहेत. पण त्यांच्या तासाला टेकू घरातून लागतो. तेव्हा पालकहो, या गुरुवारी सुट्टी आहे. संध्याकाळी टीव्ही बंद करा, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक काढा आणि कोणतं गीत म्हणायचं ते पोराला ठरवू द्या. रविवारी जमलं तर दहा मिनिटं आधी जाऊन संडेस्कूलच्या ताईंना विचारा, या महिन्यात काय शिकवलंत?