यकृताची शस्त्रक्रिया आणि आपले घर

आमच्या लहानपणी घरातील आज्यांच्या तोंडी 'काळीज' हा शब्द सारखा असे. मुलगा नोकरीसाठी विलायतेला निघाला की आजीचे काळीज तुटे, आणि नातू म्हणजे तर काळजाचा तुकडाच. शाळेत आम्ही मुलांना काळीज म्हणजे हृदय असे सांगून मोकळे होतो. पण काळीज म्हणजे मुळात यकृत, क्रेओलमध्ये आपण ज्याला लेफ्वा म्हणतो तेच. आजच्या काळात काळजाचा तुकडा देणे ही नुसती म्हणण्याची गोष्ट राहिलेली नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात सध्या हाच प्रश्न उभा आहे. थोरल्या भावाचे यकृत निकामी होत चालले आहे. धाकटा आपल्या यकृताचा भाग द्यायला एका पायावर तयार झाला. दोघांचे कागद भारतातील एका इस्पितळात पाठविले. उत्तर आले की धाकट्याच्या यकृतात चरबी फार आहे, आज ते घेता येणार नाही. तो कागद घेऊन त्यांची वृद्ध आई आमच्याकडे आली. कागद इंग्रजीत, डॉक्टरांनी समजाविले फ्रेंचमध्ये, आणि माऊलीला हवे होते आपल्या भाषेत. ती म्हणाली, "गुरुजी, काढलेला तुकडा दुसऱ्याला लावीपर्यंत रक्ताविना राहणार म्हणतात. मग तो मरत नाही का? आणि चरबीचा त्याच्याशी काय संबंध?"

प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून त्याचे उत्तर सर्वच वाचकांसाठी येथे देत आहोत.

यकृत हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहते. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून मोठ्या शिरेने येते, उरलेले हृदयाकडून धमनीने. इतके रक्त असलेल्या अवयवावर सुरी चालविणे म्हणजे भरल्या कालव्याचा बांध फोडणे. १९०८ साली ग्लासगो शहरातील शल्यविशारद जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. यकृताकडे जाणाऱ्या दोन्ही रक्तवाहिन्या एकाच पदरातून जातात, तो पदर चिमटीत धरला की येणारे रक्त थांबते. त्यांचे ते अपघाती रुग्ण वाचले नाहीत, पण युक्ती वाचली. आजही जगभर तिला त्यांचेच नाव आहे. मात्र प्रत्येक शस्त्रक्रियेत ती लागतेच असे नाही.

आता खरी गोम पुढे आहे. उन्हाळ्यात आपल्या गावात नळाचे पाणी कापले जाते, हे कोणाला सांगायला नको. पाणी नसते तोवर अडचण होतेच. पण घरची बाई जास्त सावध असते ती पाणी परत येते तेव्हा. नळ खडखडतो, हवा फुटते, आणि पहिली बादली तांबड्या गाळाची निघते. यकृताचेही तसेच होते. रक्त बंद असताना पेशींना प्राणवायू मिळत नाही, त्यांची शक्ती संपते, त्या सुजतात. पण रक्त पुन्हा सोडले की दुसरा घाव बसतो. परत आलेल्या प्राणवायूपासून पेशींना जाळणारी द्रव्ये एकदम तयार होतात. यकृतातील राखणदार पेशी खवळतात, त्यांच्या हाकेने रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि बारीक वाहिन्या तुंबतात. हे नुकसान शस्त्रक्रिया संपल्यावरही काही तास, कधी काही दिवस, चालू राहते. जीव देणारे रक्तच इजा करते ही गोष्ट आम्हांलाही प्रथम पटली नव्हती.

मग उपाय काय? सर्वांत साधा उपाय घड्याळाचा. रक्त सलग बंद न ठेवता पंधरा मिनिटे बंद, पाच मिनिटे चालू, असे करीत जायचे. पॅरिसमधील शल्यविशारदांनी १९९९ साली रुग्णांच्या दोन गटांची तुलना करून दाखविले की सलग बंदीपेक्षा ही रीत यकृताला सोसते, विशेषतः ज्यांचे यकृत आधीच दुखावलेले असते त्यांना.

दुसरा उपाय अधिक नवलाचा. १९८६ साली अमेरिकेतील संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग केले. आधी पाच पाच मिनिटे चार वेळा रक्त थांबविले, मध्ये तितकाच वेळ सोडले, आणि मग चाळीस मिनिटे बंद केले. अशी तयारी केलेल्या हृदयाची हानी तयारी न केलेल्याच्या चौथाईवर आली! थोडा त्रास आधी दिला की शरीर मोठ्या त्रासाला सज्ज होते. झुरिकच्या डॉक्टरांनी हेच यकृतावर केले: दहा मिनिटे बंद, दहा मिनिटे चालू, मग मुख्य काम. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शंभर रुग्णांच्या अभ्यासात इजा कमी झाली. पण साठीच्या पुढच्या रुग्णांना फायदा दिसला नाही. म्हाताऱ्या शरीराला ही तालीम मानवत नाही असे दिसते. औषधांचेही पुष्कळ प्रयोग झाले. परंतु सर्वांनी मान्य करावे असे एकही औषध अजून हाती आलेले नाही. तेव्हा कोणी पुडी किंवा बाटली विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

माऊलीच्या प्रश्नाचे उत्तर यापुढचे. काढलेले यकृत थंड द्रवाने धुऊन बर्फात ठेवतात. थंडीत पेशींची भूक मंदावते, म्हणून तो तुकडा काही तास टिकतो. जिवंत दाता असला की दोन्ही शस्त्रक्रिया एकाच इस्पितळात होतात, त्यामुळे हा वेळ कमी राहतो. मृत दात्यांच्या यकृतासाठी आता यंत्रेही आली आहेत. ती यकृताला शरीराच्या उष्णतेवर ठेवून त्यातून रक्त फिरवीत राहतात. २०१८ साली युरोपात २२० यकृतांच्या प्रत्यारोपणांवर झालेल्या चाचणीत बर्फापेक्षा यंत्रात ठेवलेल्यांची इजा निम्मी आढळली.

आणि चरबी? चरबीने फुगलेल्या पेशींमुळे आतल्या बारीक वाहिन्या आधीच चेपलेल्या असतात. असे यकृत रक्ताची बंदीही सोसत नाही आणि रक्ताचे परतणेही नाही. निरोगी माणसाच्या यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग काढला तरी उरलेला वाढून काम सांभाळतो. चरबीच्या यकृताकडून ती खात्री नसते. म्हणून डॉक्टरांचा नकार हा धाकट्याचा अपमान नव्हता. त्यात त्याचाही जीव राखला गेला आणि थोरल्याचाही.

इथे आम्हांला थोडे कडू बोलावे लागते. आपल्या बेटावर प्रौढांपैकी जवळजवळ पाचातला एक मधुमेही आहे, आणि मधुमेह, वाढलेले पोट व यकृताची चरबी ही एकाच घरची भावंडे आहेत. लग्नाची जेवणे, संध्याकाळचे गातो पिमा, गोड चहा, आणि शनिवारची रम. रमची गोष्ट तर डॉक्टरांना सांगायचीच नाही असा जणू आपला नियम आहे. "कधीतरी घेतो" असे रुग्ण म्हणतो आणि बायको खाली बघते. झाडपाल्याचे काढेही असेच लपविले जातात. शल्यविशारद किती मिनिटे रक्त बंद ठेवायचे हे यकृताच्या प्रकृतीवरून ठरवितो. त्याला खोटी प्रकृती सांगितली तर त्याचे घड्याळही खोटे चालणार.

दिलासा असा की चरबी उतरते. अमेरिकेत जड शरीराच्या साठ रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यांतील एका गटाने शस्त्रक्रियेआधी एक आठवडा रोज फक्त ८०० कॅलरींचा आहार घेतला. त्यांचा रक्तस्राव बराच कमी झाला आणि यकृत हाताळणेही सोपे गेले. हे वाचून मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने मात्र घरच्या घरी उपवास सुरू करू नये, साखर एकदम उतरते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते करावे.

शस्त्रक्रिया ठरली की घरच्यांनी चार गोष्टी विचारायला लाजू नये. यकृतात चरबी किती? रक्त बंद करावे लागेल का, आणि कोणत्या रीतीने? उरणारा भाग पुरेसा आहे का? कोणती औषधे आधी थांबवायची? डॉक्टर फ्रेंचमध्ये बोलत असतील तर घरातील शिकलेल्या मुलीला बरोबर न्यावे आणि आईला तिथेच समजावून सांगायला लावावे. आई बाहेर बाकावर आणि पुरुष मंडळी आत, ही पद्धत आता पुरे.

ती माऊली सर्व ऐकून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हातची दालपुरी बंद." आम्ही होय म्हणालो. धाकटा आता पहाटे उसाच्या वाटेने चालायला जातो, दारू सोडली आहे, आणि आतापर्यंत सात किलो उतरला आहे. त्याची दुसरी तपासणी पुढच्या महिन्यात आहे.