वहिनींची वही
दिवाळीच्या अंकात कोर्टकचेरी कशाला, असे वाचक म्हणतील. पण 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण वीस वर्षे वर्गात समजावून सांगितल्यावर, गेल्या उन्हाळ्यापासून ती उच्चारताना माझी जीभ अडखळते.

त्याचे असे झाले. माझे एक मावसभाऊ अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ राहतात. २०१४ च्या जानेवारीत बर्फावरून घसरलेली एक मोटार त्यांच्या गाडीवर आदळली. डोक्याला मार बसला, कंबर मोडली. त्या राज्यात १९७३ पासून एक मोठा माणुसकीचा कायदा आहे. चूक कोणाची, याचा घोळ घालायचा नाही. जखमी माणसाचे औषधपाणी, बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग आणि घरी शुश्रूषा करणाऱ्याचा मोबदलासुद्धा सहसा त्याच्याच विमा कंपनीने द्यायचा. शुश्रूषा करणारी घरची बायको असली तरी! (आपल्याकडच्या कित्येक नवऱ्यांना हे ऐकून घाम फुटेल.)

वहिनींनी नोकरी सोडली आणि एक वही घातली. किती वाजता कूस बदलली, कधी आंघोळ घातली, रात्री किती वेळा उठावे लागले, सारे तिच्यात आहे. दवाखान्याची बिले कंपनीने भरली. शुश्रूषेच्या पैशांचे विचारले की तिथला गृहस्थ गोड आवाजात म्हणे, "विचार चालू आहे, एवढा एक कागद पाठवा." वहिनी कागद पाठवीत. 'नाही' असे तो कधी म्हणालाच नाही. मग भांडायचे कोणाशी? कोणी वकिलाचे नाव काढले, तर भाऊ म्हणत, "इतक्या चांगल्या माणसांवर दावा कसला लावायचा?"

दावा लागला तो २०१६ च्या मार्चमध्ये. वकिलाने वही चाळली आणि मार्च २०१५ च्या पानावर आडवी रेघ ओढली. अपघाताची लेखी खबर वर्षाच्या आत दिली होती, म्हणून दावा उभा तरी राहिला. पण दाव्याच्या दिवसापासून मागे एक वर्ष, त्यापलीकडचे काही मागता येत नाही, असा तिथला नियम. पहिले चौदा महिने बुडाले. रेघेनंतरच्या पैशांवर मात्र कंपनीने उशिराबद्दल सालाला १२ टक्के व्याज मोजले!

कंपनीचा विचार चालू असेतो हे घड्याळ थांबते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटले होते. २००५ मध्ये, कायद्यात तसे लिहिलेले नाही म्हणून, त्याच न्यायालयाने ते पुन्हा चालू केले. २०१९ मध्ये विधिमंडळाने तशी तरतूद कायद्यातच घातली; कंपनी रीतसर नकार देईपर्यंत घड्याळ बंद. मात्र मागणाऱ्याने नेटाने पाठपुरावा केलेला नसेल तर ही सवलतही नाही. वहिनींचा दावा तोवर निकाली निघाला होता.

"वही अजून ठेवलीत?" मी विचारले.

"राहू द्या हो, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "रेघेच्या आधीच तर मी खरी जागले होते."