संवेदकांची धास्ती आणि इंधनाचे विस्मरण

मोबाइलमधील संवेदक आता रॉकेटला दिशा देऊ शकतात, सबब त्यांच्या किरकोळ विक्रीला परवाना हवा, असे एक मत अलीकडे मोठ्या गांभीर्याने मांडले जाते. त्याचा युक्तिवाद असा, की डोंबिवलीचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी लॅमिंग्टन रोडवरून शे-दोनशे रुपयांत एमपीयू-६०५० हे मॉड्यूल आणतो, त्यात प्रवेगमापक, म्हणजे वेगातील बदल मोजणारे साधन, आणि जायरोस्कोप, म्हणजे वळण्याचा वेग मोजणारे साधन, दोन्ही असतात, क्षेपणास्त्रातही हीच साधने असतात, म्हणून उद्या कल्याणच्या गच्चीवरून क्षेपणास्त्र सुटणार. या न्यायाने मनगटी घड्याळ बांधणारा प्रत्येक जण वेधशाळेचा संचालक ठरतो.

नाव एक म्हणून काम एक, हा या मताचा मूळ दोष होय. बाहेरच्या आधाराविना केवळ स्वतःची हालचाल मोजून स्थान काढण्याला जडत्वीय मार्गदर्शन म्हणतात, आणि त्यात प्रवेगाची बेरीज दोनदा होत असल्याने चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात फुगते. गुरुत्वप्रवेगाच्या केवळ एक शतांश चूक राहिली, तरी स्थान मिनिटाभरात सुमारे १८० मीटरनी आणि पाच मिनिटांत साडेचार किलोमीटरनी चुकते, म्हणजे ठाणे स्थानकातली वस्तू मुलुंड ओलांडून गेल्याचे हिशेब सांगतो. शिवाय या मॉड्यूलची मापनमर्यादा गुरुत्वप्रवेगाच्या १६ पट एवढीच आहे, आणि मर्यादा ओलांडल्यावर काय होते ते इस्रोलाही सोसावे लागले आहे: ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा विलग होताना क्षणभर तीव्र कंपने झाली, प्रवेगमापकांची मापे मर्यादेबाहेर गेली, संगणकाने ते सदोष ठरवले आणि उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचले नाहीत. दिशा कळली तरी रॉकेट तिकडे वळवता यावे लागते. १० ऑगस्ट १९७९ रोजी इस्रोच्याच एसएलव्ही-३ या रॉकेटचे पहिले उड्डाण फसले ते दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील गळतीमुळे. अनुभवी संस्थेची ही गत, आणि गच्चीवरच्या पोराला मात्र सारे एका मॉड्यूलने साधणार!

उपग्रहांच्या साहाय्याने चूक सुधारता येते हे खरे, आणि संथ ड्रोनमध्ये ती सुधारलीही जाते. परंतु उपग्रहांचे संकेत पकडणारी नागरी ग्राहकयंत्रे सामान्यतः ठरावीक वेग व उंचीपलीकडे बंद पडतील अशीच बनवलेली असतात. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण आयसिसमध्ये सामील व्हायला इराकला गेले, हा दाखलाही हमखास येतो. ते संवेदकावर बसून गेले नव्हते. ही धास्ती नवीही नाही, कारण २००० साली जपानने प्लेस्टेशन २ या खेळाच्या यंत्रावर ते क्षेपणास्त्राच्या कामी येईल म्हणून निर्यातीचे निर्बंध घातले होते. त्या यंत्राने पुढे अभ्यास तेवढा बुडवला.

मग लक्ष कशावर ठेवावे? २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यांतल्या स्फोटांनी माणसे मारली. जीव घेते ते रसायन, आणि रॉकेटचे इंधन हेही रसायनच. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत भारत २०१६ पासून सहभागी आहे, आणि तिच्या यादीतील जायरोस्कोप ताशी अर्ध्या अंशाहूनही कमी ढळणारे असतात, म्हणजे तेथे रेषा अचूकतेवर आखलेली आहे, किरकोळ विक्रीवर नव्हे. स्फोटकांसाठी १८८४ चा कायदा आहे. त्याची कसोशीने अंमलबजावणी व्हावी, इंधन घडवणे जाणत्यांच्या देखरेखीखाली चालावे आणि संवेदक विद्यार्थ्यांच्या हाती मोकळे राहावेत, एवढे पुरेसे आहे.