नोटीस हातात पडण्याआधी : नाशिकमधील बेघरांचा लढा कसा उभा राहील?

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकात एक ठरलेला प्रकार घडतो. गोदावरीकाठच्या काझीच्या गढीवरील कुटुंबांना महापालिकेच्या नोटिसा मिळतात. गढी धोकादायक आहे, घरे रिकामी करा. माती खचते हे खोटे नाही. पण रिकामी करून जायचे कुठे? तात्पुरती सोय झाली तरी पाऊस ओसरल्यावर माणसे पुन्हा त्याच घरात. संरक्षक भिंतीची मागणी जुनी, पुनर्वसनाची चर्चाही जुनी. त्यात आता सिंहस्थ आला. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नाने आहेत, रस्ते आणि घाटांची कामे होणारच. सिंहस्थाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही; पण रस्ता रुंद करायचा म्हटला की पहिली पाळी पत्र्याच्या झोपडीची येते, हा अनुभव आहे.

अशा वेळी आपण काय करतो? जेसीबी आला की धावतो. घोषणा, व्हिडिओ, एक निवेदन, साहेबांसोबत फोटो. चार दिवसांनी सगळे शांत. राग खरा असतो, पण रागाने मोहीम उभी राहत नाही.

13 नोव्हेंबर 2024 ला न्यायमूर्ती गवई आणि विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझर कारवाईवर निकाल दिला, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत मोठा दिलासा वाटला. पंधरा दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारवाईचे चित्रीकरण, हे सगळे त्यात आहे. मात्र निकाल पूर्ण वाचला पाहिजे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची किंवा नदी-तलावाकाठची सार्वजनिक जागा आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी तोडफोड यांना हे नियम लागू नाहीत. म्हणजे जिथे गरीब सर्वात जास्त राहतो, तिथेच ही ढाल अपुरी पडते. म्हणून नुसते "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय" म्हणून भागणार नाही. जमीन कोणाची, हे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून आधी काढावे लागेल. नदीकाठी असली तरी ती सार्वजनिक आहे की खासगी, यावर बरेच काही ठरते. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीधारकाला महाराष्ट्रात संरक्षण आहे, 2011 पर्यंतच्यांना सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. पण पुरावा हवा : जुने वीजबिल, मतदारयादीतील नाव, शाळेचा दाखला. आमच्या घरांतून हे कागद एका पिशवीत कोंबलेले असतात आणि पुरात पहिली तीच पिशवी जाते.

मुंबईतील भायखळ्याचे उदाहरण इथे आठवते. 1981 मध्ये बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना फुटपाथवासीयांना हुसकावण्याचा निर्णय झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1985 च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरीही झोपड्या हटवायला परवानगी मिळाली, फक्त रीतसर नोटीस देऊन! तत्त्व जिंकले, घर नाही. मग भायखळा-नागपाड्याच्या फुटपाथवरील बायकांनी दुसरा रस्ता धरला. यांत मुस्लिम बायाही बऱ्याच होत्या. 'स्पार्क' संस्थेच्या मदतीने 1985 मध्ये फुटपाथवरील कुटुंबे मोजली गेली, सुमारे सहा हजार. कोण कुठून आले, काय काम करते, किती वर्षे राहते, सगळे नोंदवले. 'महिला मिलन'च्या माध्यमातून रोजची चार-आठ आण्यांची बचत सुरू झाली. पुढे दहा-बारा वर्षांनी राज्याच्या पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीयांना जागा मिळाली. सरकारकडे आकडा नव्हता, त्यांच्याकडे होता.

नाशिकला मोहिमा शिकवायची तर गरजच नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 ला इथेच सुरू झाला. त्यात आघाडीवर असलेले दादासाहेब गायकवाड पुढे भूमिहीनांच्या देशव्यापी सत्याग्रहाचे नेते झाले. 6 मार्च 2018 ला इथूनच शेतकरी-आदिवासी मुंबईकडे पायी निघाले. दहावीच्या परीक्षेला त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीत कापला, आणि सगळी मुंबई त्यांच्या बाजूची झाली. लेखी आश्वासन घेऊनच ते परतले. ते पाळले जात नाही म्हटल्यावर 2019 आणि 2023 ला पुन्हा निघाले. आपल्याकडे हा दुसरा भाग नेमका सुटतो.

म्हणून मागणी मोजकी आणि मोजता येईल अशी असावी. केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेचा निकष एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा असा होता, बारा महिने चोवीस तास उघडा. 2011 च्या जनगणनेत नाशिक 14 लाख 86 हजारांचे होते. म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही चौदा निवारे हवेत. किती चालू आहेत, बायकांसाठी किती, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. आणि हे विचारताना वडाळा गाव, भद्रकालीसोबत पंचवटीतील झोपडपट्टी आणि पुलाखालचा पारधी भाऊही आपल्या यादीत असला पाहिजे. फक्त मुसलमानांची यादी नेली तर प्रश्न घराचा राहणार नाही, मुसलमानांचा होईल. आणि मग तो कसा हाताळला जातो ते आपण पाहतोच.

एक तारीख मात्र आतापासून लक्षात ठेवायला हवी. जनगणनेतील माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. मागच्या वेळी बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारी 2011 च्या एका रात्रीत उरकली होती. देशभरात 17 लाख 70 हजारांच्या आसपास माणसे नोंदली गेली. पुलाखाली, दर्ग्याच्या आवारात, स्टेशनबाहेर झोपणारे त्या रात्री प्रगणकाला दिसले नाहीत, तर पुढच्या जनगणनेपर्यंत कागदावर ते नाहीतच. प्रत्येक मशिदीच्या कमिटीने दोन-दोन तरुण आणि बचत गटातील दोन भगिनी ठरवून, कोण कुठे झोपतो याची यादी त्याआधीच करून ठेवावी. जकातीच्या वाटपासाठी आपण मोहल्ल्यातील गरजूंची यादी करतोच. तिच्यात ज्याला पत्ता नाही त्याचा रकाना आजवर नसे, तो यंदा घालता येईल.