लांबी की अंतर?

गेल्या वर्षी आजोबा गेले, तेव्हा दोन दिवसांत बहिणाबाईंची श्वासावरची ती ओवी मला सात जणांनी पाठवली. मागे सूर्यास्त, उडणारे बगळे आणि खाली 'लाईफ इज शॉर्ट, एन्जॉय'. ओवी तुम्हालाही माहीत असणारच. जेमतेम चार चरण, दुसऱ्या-चौथ्याला झकास यमक, आणि जगण्या-मरण्यात फरक तो केवढा, तर एका श्वासाचा, एवढं सांगून बाई मोकळ्या!

पण आयुष्य छोटं आहे, असं त्यात कुठे म्हटलंय हो? मी इंजिनिअर माणूस, कवितेच्या नावाने तशी बोंबच. तरी एककं तपासायची सवय काही जात नाही. बाई अंतर सांगतायत, लांबी नाही. आयुष्य २० वर्षांचं असो की ९० चं, पलीकडचा काठ कायम तेवढाच जवळ. 'लवकर लवकर मजा करून घ्या' हे आपण ऑफिसवाल्यांनी त्याला चिकटवलंय. आपल्याला सगळीकडे डेडलाईनच दिसते, त्याला बाई काय करणार?

बहिणाबाईंना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेलं घरच्यांनी उतरवून घेतलं, मुलगा सोपानदेवांनी जपलं, म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यावर, पुस्तक निघालं. त्या काळी माणसं घरातच जायची, सगळ्यांदेखत. माझ्या मते ही ओवी तत्त्वज्ञान वगैरे नाहीच. डोळ्यांनी पाहिलेलं आहे ते.

हे मला कळलं भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या आमच्या घरी. फोन आला तसा पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर, तिथून एसटीने गाव. दिवस रोवणीचे, अर्धं गाव बांधीतल्या चिखलात. घरात आजी आजोबांच्या छातीवर हात ठेवून बसलेली. त्यांचा श्वास थांबायचा. आमचाही थांबायचा. मग एक मोठ्ठा यायचा. मी मोबाईलच्या घड्याळात दोन श्वासांमधले सेकंद मोजत बसलो, सर्व्हरचा लॉग बघावा तसा. आजी म्हणाली, "मोजून का होते रे बाबू? चमच्यानं पानी सोड तोंडात."

मी पाणी सोडत राहिलो. त्यातला कुठला तरी श्वास शेवटचा होता. पण येताना तो आधीच्या श्वासांसारखाच आला. शेवटचा होता हे कळलं, ते पुढचा आला नाही तेव्हा. आजीला माझ्याआधी कळलं. तिने हात मात्र बराच वेळ काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बायांना निरोप धाडला. पऱ्हे जुने होत होते, रोवणी थांबवून चालणार नव्हतं. मी पायरीवर बसून त्या सातही जणांना उत्तर लिहिलं. 'थँक्स.'