नाकुरूचे रोहित कुठे गेले?



‘केनियात आमची फसवणूक’ हे पत्र वाचले. नाकुरू सरोवरावर रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) गुलाबी थवे दिसले नाहीत, म्हणून सगळा दोष गाइडच्या माथी मारणे पटले नाही. २०१० नंतर सरोवराची पातळी इतकी चढली, की राष्ट्रीय उद्यानाचे जुने प्रवेशद्वारही पाण्याखाली गेले. खारेपणा उतरला, तसे स्पिरुलिना शेवाळ घटले. छोटा रोहित चोच उलटी धरून हेच शेवाळ पाण्यातून गाळून खातो. तो तिथे उपाशी कशाला थांबेल? मोठे थवे बोगोरिया सरोवराकडे वळले. जुनी छायाचित्रे दाखवून सहली विकणाऱ्यांना जाब जरूर विचारा. पण काळे आणि पांढरे, दोन्ही गेंडे नाकुरूत आहेत, त्यांचा पत्रात साधा उल्लेखही नसावा याचे वाईट वाटले.

– एक पक्षीनिरीक्षक, सातारा